‘घरी सगळं येतं, पेपरात आठवत नाही’: अभ्यास घेताना या चुका टाळा

घटक चाचणीचे पेपर हातात पडले की शाळेच्या गेटवर हमखास ऐकू येतं, ‘अहो, घरी घडाघडा म्हणत होता, पेपरात काही आठवलंच नाही.’ मूल खोटं बोलत नसतं, आणि बहुतेक वेळा आळशीही नसतं. गडबड आपल्या अभ्यास घेण्याच्या पद्धतीत असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘परत एकदा वाच’. तोच धडा चार वेळा वाचला की ओळखीचा वाटायला लागतो आणि आपल्यालाही वाटतं, झालं पाठ. पण कोऱ्या कागदापुढे बसून आठवणं हे वेगळंच काम आहे, आणि त्याचा सराव आपण करूनच घेत नाही. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासलं. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवडाभराने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं.

म्हणून धडा एकदा नीट वाचून झाला की पुस्तक मिटा. इतिहास असेल तर सनावळी विचारण्याऐवजी विचारा, ‘अफझलखानाला भेटायला महाराजांनी प्रतापगडच का निवडला?’ आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच फार जड जातं. मूल छताकडे बघतं, पेन्सिल चावतं, आणि आपल्याला राहवत नाही: ‘अरे, जावळीचं दाट जं…’ ‘जंगल!’ झालं, उत्तर आपणच दिलं! मनात दहापर्यंत आकडे मोजा. अडखळत का होईना, ‘तिथे खूप झाडी होती, खानाचं मोठं सैन्य अडकलं असतं’ असं मूल म्हणालं तर ते त्याचं स्वतःचं उत्तर. जे राहिलं तेवढ्यापुरतंच पुस्तक उघडा. दोन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा, मग रविवारी एकदा.

दुसरी चूक मला जास्त सलते. इंग्रजी माध्यमात घातलं म्हणून घरातलं मराठी बंद होतं, आणि उरतं ते ‘फिनिश कर, फास्ट कर, बॅग भर’. एवढ्या तुटपुंज्या बोलण्यात विचार कसा वाढणार? ज्या भाषेत तुम्ही मोकळेपणाने समजावू शकता, वाद घालू शकता, तीच वापरा. अपूर्णांक अडले असतील तर मुलाला भाजीवाल्याकडे न्या. मटार ऐंशी रुपये किलो, तर पाऊण किलोचे किती? साठ रुपये स्वतः मोजून दिले की वहीतला तीन छेद चार कळायला लागतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे.

कौतुकाचंही सांभाळा. ‘किती हुशार आहेस’ हे ऐकलेली मुलं अवघड गणित टाळायला लागतात, कारण चुकलं तर हुशारी जाईल. म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांबाबत हेच दाखवलं होतं. ‘दुसऱ्या रीतीने करून पाहिलंस, ते आवडलं’ असं म्हणा.

आणि रात्री दहाचा अभ्यास थांबवा. बाबा विरार लोकलने साडेनऊला घरी, मग जेवण, मग वह्या, आणि सकाळी साडेसहाला स्कूल बस. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते आणि शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. उशिरा येणाऱ्याने वही न उघडता एवढंच विचारावं, ‘आज काय नवीन कळलं?’

हे सगळं काही महिने करूनही मूल तोंडी उत्तरं छान देतं, पण वाचताना अक्षरं गाळतं, फळ्यावरचं उतरवताना सतत चुकतं, असं असेल तर रागावू नका आणि नवा क्लासही लावू नका. ही अध्ययन अक्षमता (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे हुशारी असूनही वाचणं-लिहिणं किंवा गणित जड जाणं) असू शकते. मुंबईत सायन, नायर आणि केईएम या पालिका रुग्णालयांत तिची तपासणी होते, आणि निदान झाल्यास प्रमाणपत्राच्या आधारे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. तपासणीला वेळ लागतो, म्हणून दहावीची वाट न पाहता आधीच वर्गशिक्षिकेशी बोलून घ्या.