'हेल्दी' पाकिटातली साखर कशी ओळखावी

पाकीट हातात आलं की आधी उलटं करा. पुढच्या बाजूवर 'मल्टिग्रेन', 'लो फॅट', 'लोह आणि जीवनसत्त्वांनी युक्त' असं ठळक लिहिलेलं असतं. ते खोटं असेलच असं नाही. पण जीवनसत्त्वं घातल्याने साखर कमी होत नाही, आणि मल्टिग्रेन म्हणजे एकापेक्षा जास्त धान्यं, एवढंच. त्यातलं एक मैद्याच्या रूपात असलं तरी चालतं.

मागे पोषणमूल्यांचा तक्ता असतो. त्यात 'प्रति सर्व्हिंग'चा रकाना सोडून 'प्रति 100 ग्रॅम'चा बघा. खरी चलाखी इथेच चालते. समजा, नाश्त्याच्या सीरियलमध्ये 100 ग्रॅमला 28 ग्रॅम साखर आहे. कंपनी 30 ग्रॅमचं सर्व्हिंग धरते आणि आकडा 8.4 वर येतो. पण भुकेल्या मुलाच्या वाटीत सहज 60 ग्रॅम जातं, म्हणजे जवळपास 17 ग्रॅम साखर. चहाच्या चमच्यात साधारण 4 ग्रॅम मावते, तेव्हा हे चार चमचे झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या शिफारशीप्रमाणे अशी वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, 5 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. 2000 कॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसासाठी हे 50 आणि 25 ग्रॅम होतात. मुलांना उष्मांक कमी लागतात, त्यामुळे त्यांची मर्यादा आणखी खाली. म्हणूनच कार्टून छापलेल्या पाकिटांवरचे आरोग्याचे दावे मला सगळ्यात जास्त खटकतात.

मग घटकांची यादी वाचा. जे वजनाने जास्त, ते आधी लिहिलेलं असतं. साखर एकाच नावाने घातली तर ती वर दिसेल. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, मध अशी विभागली की प्रत्येक नाव खाली सरकतं. ही सगळी नावं एकत्र धरूनच हिशेब करा.

'नो ॲडेड शुगर' दिसलं तर यादीत फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट आहे का ते पाहा. जागतिक आरोग्य संघटना मध आणि फळांच्या रसातली साखरही याच मर्यादेत मोजते.

दह्याच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा. साध्या दह्यातही 100 ग्रॅमला 4-5 ग्रॅम दुधाची साखर असतेच. फळांच्या स्वादाच्या डब्यावर 14 लिहिलं असेल, तर वरचे 9-10 ग्रॅम बहुतेक बाहेरून आलेले असतात. साधं दही घेऊन त्यात ताजं फळ चिरून घाला.