जुन्या जीपची देखभाल: आधी फडकं, मग पाना

विलीज जीप नवी नवी हाताशी आली तेव्हा मागच्या डाव्या चाकाचा एक नट मी अर्धा तास सोडवत होतो. पान्याला पाइप जोडला, पाइपवर उभा राहिलो, आणि शेवटी नट सुटायच्या ऐवजी स्टडच तुटला. मग शेजारच्या स्टडवरचा चिखल पुसला, तर टोकावर बारीकसं इंग्रजी 'एल' कोरलेलं. त्या काळच्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत. म्हणजे अर्धा तास मी नट आवळतच होतो. पुढे कोणीतरी हब बदललेले असले, तर आटे सरळही निघू शकतात. म्हणून प्रत्येक चाक आधी पुसून बघायचं आणि मगच जोर लावायचा.

पुसून बघणं हीच निम्मी देखभाल. जुनी गाडी सहसा अचानक दगा देत नाही, आधी कुठेतरी ओली होते, कुठेतरी खडखडते. पण खाली बोटभर चिखल आणि काळं ग्रीस साचलेलं असेल, तर ते कळणार कसं? महिन्यातून एकदा खालून धुवा, सुकवा, थोडी चालवा आणि रात्री खाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग वाचता येतात. काळा, पातळ डाग इंजिन ऑइलचा. दाट आणि उग्र गंधकाच्या वासाचा डाग गिअर ऑइलचा. चाकाच्या आतल्या बाजूने टायरवर उतरलेला ओघळ एक तर व्हील सिलिंडरचा, नाहीतर अ‍ॅक्सलच्या सीलचा, म्हणजे ब्रेक ऑइल किंवा गिअर ऑइल गळतंय. तो दिसला की ड्रम उघडल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

जॅक लावण्याआधी

विलीज आणि सीरीज लँड रोव्हर, दोन्हींचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर (ती ताकद अ‍ॅक्सलपर्यंत नेणारा दांडा) असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी अ‍ॅक्सलमधली गिअरची जुळणी) हवेतलं चाक उलट फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही गाडी जॅकवरून घसरते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. खाली जायचं असेल तर अ‍ॅक्सलखाली स्टँड हवाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका.

ऑइल

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफ (डिफरन्शियल), मागचं डिफ अशी चार ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी आधी ऑइल भरायचा प्लग सोडवा, मग ऑइल काढायचा. हा क्रम चुकला आणि भरायचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर रिकाम्या डिफची गाडी जागेवरून हलवता येत नाही. गाडी चालवून ऑइल कोमट असतानाच काढा, म्हणजे तळाचा गाळही निघून येतो.

निघालेलं ऑइल बोटांवर चोळून बघा. चुंबकाला चिकटेल असा बारीक करडा लगदा चालतो, पण गिअरच्या दातांचे तुकडे चालत नाहीत. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, आणि बहुतेक वेळा चूक ब्रीदरची असते. अ‍ॅक्सलवरचं हे छोटं तोंड चिखलाने बुजलं की गरम हवा सीलमधून वाट काढते आणि सोबत ऑइल बाहेर फेकते. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्यात थंड झाला की त्याच सीलमधून पाणी आत ओढलं जातं. सील बदलून थकलेल्यांनी आधी ब्रीदर काढून रॉकेलमध्ये धुवावा. काम पाच मिनिटांचं.

डिफमध्ये ९० ग्रेडचं हायपॉइड ऑइल चालतं. गिअरबॉक्समध्ये मात्र जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा, डब्यावर लिहिलेला असतो) ओतण्याआधी थांबा. त्यातली रसायनं गिअर सहज पडावा म्हणून असलेली पितळी सिंक्रो रिंग खाऊ शकतात. तिथे जीएल-४ घ्या, किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं वापरा.

ग्रीस

निप्पल (ग्रीस आत घालायचं छोटं तोंड) पुसल्याशिवाय ग्रीस गन टेकवू नका, नाहीतर तोंडावरची वाळू आपणच आत ढकलतो. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला (टोकाच्या सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा) ग्रीस देताना चारही टोप्यांकडे लक्ष ठेवा. नवं ग्रीस चारही सीलमधून डोकावलं पाहिजे. तीनच बाजूंनी आलं, तर चौथी सुई-बेअरिंग कोरडी आहे. शाफ्ट हाताने पिळून आणि वरखाली हलवून बघा. कडेला तांबूस भुकटी दिसली तर क्रॉस आतून गंजलाय, तिथे ग्रीस मारून काही मिळायचं नाही. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ ओढा. सरकता जोड वेगळ्या दातांवर बसला की गाडी थरथरते, आणि दोष बिचाऱ्या टायरवर जातो.

चाक हलतंय, पण कुठून?

पुढचं चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला, तर व्हील बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला, तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ. एवढ्याशा युक्तीने भलतीकडे हात घालणं वाचतं. बेअरिंग आवळताना चाक फिरवत नट चाक जड होईपर्यंत घ्या, मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे आणा आणि लॉक वॉशरची कड दुमडा. थोडी गाडी चालवून हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर जास्त आवळलंय.

ब्रेक

पॅडल फार खाली जात असेल, तर लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. बॅकिंग प्लेटवरचा अ‍ॅडजस्टर चाक घासू लागेपर्यंत फिरवा, मग चाक मोकळं फिरेल इतकाच मागे घ्या. विलीजला प्रत्येक लायनरचा अ‍ॅडजस्टर वेगळा. पॅडल स्पंजासारखं लागत असेल तर मात्र हा उपाय नाही, लाइनमध्ये हवा आहे. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेच्या नळीने तर मुळीच नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, तेव्हा दर दोन वर्षांनी बदला, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

इग्निशन

स्टार्टर मरगळल्यासारखा फिरतो म्हणून लोक बॅटरी बदलतात. पुष्कळदा दोष अर्थच्या पट्टीचा (इंजिन आणि चासी जोडणारी विजेची पट्टी) असतो. जुन्या ६ व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच कामाला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, त्यामुळे थोडासा गंजही नडतो. पट्टी काढा, चासी आणि इंजिन दोन्ही टोकांना पॉलिश पेपरने उघडं लोखंड दिसेपर्यंत घासा, आणि पुन्हा घट्ट बसवा. बॅटरी सोडवताना अर्थची तार आधी काढा. जुन्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, तेव्हा चिन्ह बघून हात घाला.

पॉइंटचं (डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगीसाठी उघडझाप करणारा संपर्क) काम शांतपणे करा:

१. डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडा, आतला रोटर काढा आणि इंजिन हाताने फिरवून पॉइंट जास्तीत जास्त उघडेल असं ठेवा.
२. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आत घाला. विलीजच्या चार सिलिंडर पेट्रोल इंजिनला ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मि.मी. पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे.
३. स्क्रू आवळून पुन्हा मोजा. आवळताना फट हमखास हलते.
४. कॅमवर ग्रीसचा कणभर ठिपका लावा. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं.

पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर आधी कंडेन्सर बदला. प्लगची फट ०.०३० इंच. प्लगच्या तारा काढल्या असतील तर जुळणी १-३-४-२ या क्रमाने. तारा एकेक करून काढल्या तर हा क्रम आठवायची वेळच येत नाही. टायमिंग, पॉइंट आणि कार्ब्युरेटर एकाच दिवशी छेडू नका. गाडी बिघडली तर कशाने बिघडली ते कळत नाही, आणि सुधारली तरी कळत नाही.

फोर व्हील लीव्हर महिन्यातून एकदा माती-खडीच्या रस्त्यावर वापरा, म्हणजे जाम होत नाही. कोरड्या डांबरावर नको, कारण वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअर व क्रॉस सोसतात. फ्री व्हील हब (पुढची चाकं अ‍ॅक्सलपासून सोडवता येतील असे हब) असतील तर तेही अधूनमधून लॉक करून चालवा.

चाकं परत बसवल्यावर साधारण ५० किलोमीटरनंतर नट एकदा पुन्हा आवळून घ्या. उजवीकडचे घड्याळाच्या दिशेने. डावीकडच्या स्टडवर 'एल' असेल, तर ते उलट.