तेल गळतंय म्हणून लगेच सील बदलू नका: क्रँककेसच्या बाबतीत या चुका टाळा

"भाऊ, मागचं सील तिसऱ्यांदा बदलून राहिलो, तेल थांबतच नाही." भर मे महिन्यात हिंगणा रोडवर माझ्याकडे आलेल्या पोराचे हे शब्द. गाडी टर्बो पेट्रोल हॅचबॅक. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रीमॅप केलेला, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवलेला, इंजिनच्या आतला वायू बाहेर काढणारा ब्रीदरचा पाइप मात्र पहिलाच, करंगळीएवढा. प्रत्येक सीलसाठी गिअरबॉक्स खाली उतरवलेला. मला त्या पोराचं फार वाईट वाटलं, कारण तिन्ही सीलं चांगलीच होती. आतला दाब त्यांच्या कडेतून तेल बाहेर ढकलत होता.

पिस्टन रिंगा नव्या असल्या तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनच्या खालच्या कवचात, उतरतोच. यालाच ब्लो-बाय म्हणतात. बूस्ट वाढला की तोही वाढतो. त्याला वाट मिळाली नाही, तर तो मागचं सील, टॅपेट कव्हरची पॅकिंग, डिपस्टिक, जिथे जमेल तिथून निघतो. म्हणून सीलला हात लावण्याआधी दाब मोजा. महागडं काही लागत नाही, गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी पुरते. यू आकारात टांगा, दोन्ही बाजू मीटरभर उंच ठेवा, निम्मं पाणी भरा आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) इंजिनकडच्या बाजूचं पाणी थोडं वर चढलं, तर आत हलका व्हॅक्यूम आहे, म्हणजे ठीक. खाली दबलं, तर आत दाब साचतोय. दोन्ही पातळ्यांत १० सेंटिमीटर फरक म्हणजे साधारण १ किलोपास्कल. ही नळी फक्त आयडलसाठी. बूस्टवर पाणी उडून जाईल, तिथे कमी दाबाचा गेज लावा आणि वाचायला शेजारी माणूस बसवा.

त्या गाडीत पीसीव्हीचा, म्हणजे क्रँककेसचा वायू परत इनटेकमध्ये नेणाऱ्या यंत्रणेचा, एकमार्गी व्हॉल्व्ह गळत होता. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या पाइपांत) व्हॅक्यूम असतो, तेव्हा तो उघडा हवा. बूस्ट आला की बंद व्हायलाच हवा, नाहीतर टर्बोची हवा सरळ क्रँककेसमध्ये शिरते. तेव्हा वायूने दुसऱ्या वाटेने, टर्बोच्या आधीच्या इनटेक पाइपकडे जायचं असतं. तीच वाट अरुंद होती. काही जण व्हॉल्व्हच काढून मॅनिफोल्डचा पाइप थेट जोडतात. मग आयडलला १८ ते २० इंच मर्क्युरीचा व्हॅक्यूम क्रँककेसवर पडतो, तेल इनटेकमध्ये ओढलं जातं आणि सीलच्या कडेतून बाहेरची हवा आत शिरते. आयडलला बारीक शिट्टी आणि ऑइल कॅप निघता निघत नसेल, तर इथेच बघा.

ब्रीदरच्या वायूतलं तेल अडवून साठवतो तो कॅच कॅन. त्याच्या नावाखाली रिकामा डबा लावू नका. आत बॅफल किंवा स्टीलची जाळी नसेल, तर तेलाची वाफ जशी आली तशी पुढे जाते. ती पेट्रोलचा ऑक्टेन खाली आणते आणि नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होतं. जागाही महत्त्वाची. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात कॅन टर्बोशेजारी असेल तर वाफ थंड होऊन तेल होणार कुठे? पुढे, वाऱ्यात लावा. पाइपला झोळ ठेवू नका, तिथे तेल-पाणी साचून वाट बंद होते. पाइप उघड्यावर सोडायचा मोहही टाळा. भारत स्टेजच्या नियमांत क्रँककेसचा वायू हवेत सोडायला मुभा नाही.

ड्रॅग रेससाठी क्रँककेसमधला वायू ओढणारा व्हॅक्यूम पंप लावणाऱ्यांनी, व्हॅक्यूम हद्दीबाहेर जाऊ न देणारा रिलीफ व्हॉल्व्ह लावल्याशिवाय इंजिन चालवू नये. व्हॅक्यूमने रिंगा नीट बसतात, पॉवर मिळते, हे खरं. पण साध्या संपच्या (तळाच्या भांड्यातच तेल साठवणाऱ्या) इंजिनात पिस्टन पिनला उडणाऱ्या तेलाचाच आधार असतो. पिनला तेलाची वेगळी सोय नसेल, तर मी १२ इंच मर्क्युरीच्या पुढे जात नाही.

त्या पोराच्या गाडीला नवा व्हॉल्व्ह, १६ मिलिमीटरचा पाइप आणि जाळीचा कॅन लावला. सील तेच ठेवलं, गळती थांबली. त्याला एक वही दिली आहे. दर १,००० किलोमीटरला, आणि समृद्धीवर लांब निघण्याआधी, कॅन रिकामा करायचा आणि किती तेल निघालं ते लिहायचं. हिवाळ्यात छोट्या फेऱ्यांमुळे दुधाळ पाणी निघालं तर घाबरायचं नाही. पण निव्वळ तेलाचा आकडा एकदम दुप्पट झाला, तर गाडी घेऊन यायचं. मग लीक-डाउन टेस्ट करून, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजून, रिंगा बघू.