थिसिस सबमिट करायची वेळ जवळ आली की नेमकं काय आणि कधी करायचं

पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात बहुतेक जण धरून चालतात की आता काय, फक्त लिहायचंच राहिलंय. तसं नसतं हो. लिखाण हा तुमच्या हातातला भाग झाला, पण गाईड वाचणार, को-गाईड वाचणार, सिमिलॅरिटी रिपोर्ट (तुमचा मजकूर आधी छापलेल्याशी किती जुळतो ते दाखवणारा) निघणार, फॉर्मवर सह्या होणार, एक्झामिनरची नावं मंजूर होणार, आणि यातलं कोणीच तुमच्या घाईने चालत नाही. म्हणून आधी सबमिशनची तारीख कागदावर लिहा आणि तिथून उलटं मोजत या. सह्यांना किती दिवस, प्रिंट आणि बाइंडिंगला किती, गाईडला एक चॅप्टर वाचायला साधारण किती लागतात (ते जेवढे सांगतात तेवढे नाही, मागच्या वेळी जेवढे लागले तेवढे), हे सगळं वजा करून जे उरतं तो तुमचा लिहायचा वेळ. बघून धक्का बसेल, पण तो आत्ता बसलेला बरा.

गाईडला पूर्ण थिसिस एकदम पाठवू नका. तीनशे पानांची फाईल कोणी उघडत नाही, 'निवांत बघतो' म्हणून ती मेलमध्येच पडून राहते. एकेक चॅप्टर द्या आणि ते चॅप्टर 3 वाचत असतील तेव्हा तुम्ही चॅप्टर 4 च्या आकृत्या किंवा रेफरन्स बघत असाल असं लावा. मेलमध्ये नेमकं काय हवंय ते लिहा, म्हणजे असं काहीतरी: 'मॅडम, चॅप्टर 4 जोडलाय. 4.3 मधला युक्तिवाद बदललाय, बाकी तुम्ही आधी पाहिलेलंच आहे, 4.3 बघितलंत तरी पुरेल. 18 तारखेपासून मी दुरुस्त्या करायला घेतोय.' तारीख दिली की समोरच्यावर दबाव न आणता काम सरकतं. आणि गाईड एक सांगतात, को-गाईड बरोब्बर उलटं सांगतात असं झालं तर मधल्यामध्ये सँडविच होऊ नका, दोघांना एकाच मेलमध्ये घ्या, दोन्ही सूचना समोरासमोर लिहा आणि तुम्ही कुठली घेताय आणि का ते एका ओळीत सांगा.

आता सगळ्यात अवघड भाग, थांबणं. 'अजून एकच ॲनालिसिस टाकतो' या वाक्यावर किती थिसिस अडकलेत देव जाणे. एक फाईल उघडा, नाव द्या 'नंतर', सुचेल ते सगळं तिकडे टाका. कसोटी एकच, हे केलं नाही तर माझा एखादा निष्कर्ष कोसळतो का? कोसळत असेल तर करा, नसेल तर ते फ्यूचर वर्कमध्ये जातं आणि तिथे ते शोभूनही दिसतं. नवीन पेपर तर रोजच येत राहणार, त्यामुळे साहित्य अमुक महिन्यापर्यंतचं बघितलंय असं एका वाक्यात लिहून टाका, तिथून पुढचं टाकलंच पाहिजे असं बंधन राहत नाही. फक्त सबमिशनच्या आधी एकदा शोध मारून बघा की तुमच्याच प्रश्नावर कोणी काही मोठं छापलं नाहीये ना.

इंट्रोडक्शन आणि ॲबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी पक्कं करा, कारण सुरुवातीला जे करणार म्हणून लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात जे झालं त्यात फरक पडलेला असतोच. ऑब्जेक्टिव्हजचं पान आणि कन्क्लूजनचं पान प्रिंट काढून शेजारी-शेजारी ठेवा. ऑब्जेक्टिव्ह म्हणतं तीन पद्धतींची तुलना, आणि निष्कर्षात दोनच, कारण तिसरी मधेच सोडून दिली होती, असली गळती इथेच सापडते. बरेच एक्झामिनर ॲबस्ट्रॅक्ट, इंट्रोडक्शन, कन्क्लूजन आणि रेफरन्स लिस्ट आधी चाळतात आणि मग आत शिरतात, त्यामुळे या पानांवर जास्त वेळ घालवलात तर तो वाया जात नाही.

आकड्यांचंही तसंच. समजा ॲबस्ट्रॅक्टमध्ये 214 जण, मेथडॉलॉजीत 220, आणि टेबलमध्ये 207. तुम्हाला माहितीये की 220 जणांना विचारलं, 214 जणांनी फॉर्म भरले आणि अर्धवट फॉर्म काढल्यावर 207 उरले, म्हणजे तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण वाचणाऱ्याला वाटणार की याला स्वतःचाच डेटा माहीत नाही. हा हिशोब मेथडॉलॉजीत एकदाच नीट लिहा आणि बाकी सगळीकडे कुठला आकडा कशाचा ते शब्दात सांगा.

फॉरमॅटिंग शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, हे मी हात जोडून सांगतो. युनिव्हर्सिटीची ताजी नियमावली डाउनलोड करा, सिनियरची जुनी थिसिस बघून मार्जिन लावू नका, नियम बदलतात. वर्डमध्ये लिहीत असाल तर हेडिंगना स्टाइल लावा म्हणजे अनुक्रमणिका आपोआप बनते, आणि आकृत्यांचे नंबर हाताने न टाकता कॅप्शन आणि क्रॉस-रेफरन्सने टाका. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि चॅप्टर 1 पासून साधे आकडे हवे असतील तर मधे सेक्शन ब्रेक टाकावा लागतो आणि फूटरमधलं 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करावं लागतं, नाहीतर पुढचे बदलले की मागचे बदलतात आणि माणूस वेडा होतो. शेवटी कंट्रोल-ए करून एफ-9 दाबा, सगळे नंबर अपडेट होतील. एखादी आकृती उडवली असेल तर तिच्या उल्लेखाच्या जागी 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' असं मजकुरात उमटतं आणि नजरेतून सुटून थेट छापलंही जातं, म्हणून पीडीएफमध्ये 'एरर' शोधा. लेटेकमध्ये (वर्डऐवजी कोड लिहून कागदपत्र बनवायची पद्धत) लिहिणाऱ्यांनी प्रश्नचिन्हं शोधावीत, तुटलेला रेफरन्स तिथे दोन प्रश्नचिन्हांच्या रूपात दिसतो.

रेफरन्ससाठी झोटेरो, मेंडली असं रेफरन्स सांभाळणारं कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, पण आपोआप आलेली माहिती तशीच सोडू नका. अर्धी शीर्षकं कॅपिटलमध्ये, लेखकाचं आडनाव आणि नाव उलटं, हे ठरलेलं. लेखक-वर्ष पद्धत वापरत असाल आणि 2019ए, 2019बी असं दिसलं तर नीट बघा, बऱ्याचदा तो एकच पेपर सॉफ्टवेअरच्या यादीत दोनदा शिरलेला असतो. प्रीप्रिंट (जर्नलमध्ये येण्याआधी ऑनलाइन टाकलेला पेपर) दिला असेल आणि तो नंतर जर्नलमध्ये आला असेल तर छापील आवृत्ती द्या, पण आधी तपासा की तुम्ही घेतलेला आकडा तिच्यातही तोच आहे. जर्नलने मागे घेतलेल्या पेपरची सूचना झोटेरो स्वतःच दाखवतं, ती लाल पट्टी दिसली तर दुर्लक्ष करू नका.

सिमिलॅरिटी रिपोर्टला लोक उगाच घाबरतात. सॉफ्टवेअर फक्त जुळणारा मजकूर दाखवतं, चोरी आहे की नाही ते माणसाने ठरवायचं असतं. टक्केवारी खाली आणायला शब्दांच्या जागी समानार्थी शब्द कोंबू नका, वाक्याचा पार चुथडा होतो आणि कल्पना दुसऱ्याची ती दुसऱ्याचीच राहते. जिथे उतरवलंय तिथे अवतरण आणि संदर्भ द्या, नाहीतर मूळ बाजूला ठेवून स्वतःच्या शब्दात परत लिहा. स्वतःचेच छापलेले पेपर जुळत असतील तर ते कुठल्या चॅप्टरमध्ये वापरलेत ते सुरुवातीलाच लिहा, सहलेखकांनी काय केलं तेही लिहा, आणि प्रकाशकाची परवानगी लागते का ते आत्ताच बघा कारण त्या मेलचं उत्तर कधी येईल सांगता येत नाही.

बॅकअप: तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर. क्लाउडचं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, इथे चुकून डिलीट केलंत तर तिथलंही जातं. फाईलच्या नावात वर्ष-महिना-दिवस अशी तारीख टाका म्हणजे आपोआप ओळीने लागतात, 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' हा खेळ बंद.

प्रूफरीडिंग एका बैठकीत होत नाही. एका फेरीत फक्त आकृत्या आणि टेबलं, दुसऱ्या फेरीत फक्त रेफरन्स, तिसऱ्या फेरीत भाषा, आणि भाषेच्या फेरीत शेवटच्या चॅप्टरपासून सुरुवात करा कारण पहिला चॅप्टर इतक्यांदा वाचलाय की डोळे आपोआप पुढे सरकतात. कॉम्प्युटरला मोठ्याने वाचायला लावलं तर गळालेले शब्द लगेच कानाला खटकतात. सगळ्या प्रती छापण्याआधी एकच प्रत काढा, आडव्या टेबलांची पानं आणि बाइंडिंगच्या बाजूचं मार्जिन तपासा, आणि ग्राफ काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये वाचता येतात का ते बघा. लायब्ररीने पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपून ठेवायचा पीडीएफचा प्रकार) मागितली असेल तर सगळे फॉन्ट फाईलच्या आतच बसवावे लागतात, नेहमीच्या सेव्हने ते होईलच असं नाही.

सबमिट केल्यावर आठवडाभर थिसिस उघडू नका. मग एकदा शांतपणे वाचा आणि चुका सापडतीलच, त्या पान नंबरसकट एका यादीत टाका. व्हायवाला (थिसिसवरच्या तोंडी परीक्षेला) जाताना ती यादी बरोबर ठेवा, एक्झामिनरने तीच चूक काढली तर 'हो, पान 142 वर, दुरुस्ती लिहून ठेवलीये' म्हणता येतं. बहुतेकांना दुरुस्त्या मिळतातच. त्या आल्या की तीन रकान्यांचं टेबल करा, काय सांगितलं, काय बदललं, कुठल्या पानावर, आणि सुधारित थिसिसबरोबर तेच टेबल परत पाठवा.