मेश जाळे उभारताना आधी दुवे मोजावेत

सामुदायिक बिनतारी मेश जाळ्याचे, म्हणजे राउटर एकमेकांमार्फत संदेश पुढे पोहोचवतात अशा जाळ्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा सगळे कौशल्य सॉफ्टवेअरमध्येच लागते अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त कार्यप्रणाली) चढवून बॅटमॅन-अ‍ॅडव्ह (मेशमधले मार्ग ठरवणारी प्रणाली) सुरू करणे हे एका दुपारचे काम ठरले. नोड, म्हणजे जाळ्यातले राउटर, एकमेकांना नीट ऐकू शकतील अशा जागा शोधण्यात मात्र काही महिने गेले.

राउटर घेताना ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत त्याचे मॉडेलच नव्हे, तर हार्डवेअरची आवृत्तीही ताडून पाहावी, कारण एकाच नावाखाली आतली चिप बदललेली असू शकते. ओपनडब्ल्यूआरटीसोबत येणारे डब्ल्यूपॅड-बेसिक (वाय-फायची सुरक्षा सांभाळणारे पॅकेज) मेशच्या कूटबद्धीकरणाला पुरत नाही. ते काढून डब्ल्यूपॅड-मेश बसवावे लागते. चॅनेल ‘ऑटो’वर ठेवू नये, कारण एका मेशमधील सर्व रेडिओ एकाच चॅनेलवर असावे लागतात.

मला सर्वांत जास्त शिकवले ते दोन गच्च्यांमधल्या एका दुव्याने. झाडे निष्पर्ण असताना मी तो ५ गिगाहर्ट्झवर जोडला आणि सिग्नल उणे ६२ डीबीएम (हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार) मिळाला, म्हणून निर्धास्त झालो. पालवी फुटली तसा तो उणे ८० च्याही खाली घसरला, कारण पानांमधले पाणी या लहरी शोषून घेते. समोरची गच्ची डोळ्यांना दिसते एवढ्यावर भागत नाही, हे तेव्हा कळले: १ किलोमीटरच्या दुव्यात मधोमध फ्रेनेल क्षेत्राची (दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवतीच्या, लहरी जिथून जातात त्या लांबट जागेची) त्रिज्या सुमारे ३.७ मीटर असते, आणि त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो. अँटेनाचा खांब उंच केल्यावरच तो दुवा सावरला.

दुसरी अडचण वेगाची. एकच रेडिओ ऐकण्याचे आणि पुढे पाठवण्याचे काम करत असेल, तर प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. म्हणून नोडांमधला संवाद ५ गिगाहर्ट्झवर आणि लोकांची उपकरणे २.४ गिगाहर्ट्झवर ठेवणे मला हिताचे वाटते, आणि जिथे केबल टाकता येते तिथे ती टाकावीच.

‘बॅटसीटीएल ओ’ ही आज्ञा दुव्याची गुणवत्ता २५५ पैकी आकड्यात दाखवते. तो आकडा मी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी आठवडाभर टिपतो. ज्या नोडला एकच शेजारी ऐकू येतो, त्याच्या भरवशावर कोणाच्याही घरी जोडणी देत नाही, कारण शेजारच्या घरात कोणी नकळत प्लग काढला तरी पुढची सगळी घरे तुटतात.