कारखान्यात ‘कल्पक गट’ सुरू करताना या चुका टाळा

नाशिक परिसरातील अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात अडचणींवर नवे उपाय शोधणारा गट स्थापन होतो, तेव्हा पहिल्या बैठकीला खुर्च्या कमी पडतात आणि पुढे काही महिन्यांतच समन्वयकाला फोन करकरून माणसे गोळा करावी लागतात. याचे खापर सहसा कामगारांच्या निरुत्साहावर फुटते. वस्तुतः बिघाड बहुधा गटाच्या मांडणीतच असतो.

पहिली चूक विषयाची. ‘उत्पादकता कशी वाढवावी’ या प्रश्नावर फक्त भाषणे होतात. त्याऐवजी ‘दुसऱ्या पाळीत ड्रिलिंगनंतर भागांवर बर (छिद्राच्या कडेला उरणारी धातूची खरखरीत धार) का राहते’ असा प्रश्न ठेवला, तर ऑपरेटर लगेच सांगू लागतो की ड्रिल बोथट झाले तरी पाळी संपेपर्यंत तेच चालवले जाते, कारण नवे काढायला स्टोअरमध्ये सहीला कोणी नसते. मशीन कोणते, पाळी कोणती, किती नग रीवर्कला (दुरुस्तीसाठी परत) जातात आणि उपायावर निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, एवढे ठरल्याशिवाय बैठक बोलावू नये.

सर्वांत खोल रुजलेली चूक म्हणजे गोल बसून बोलले की कल्पना आपोआप सुचतात, ही समजूत. विचारमंथनाची पद्धत रूढ करणारे अमेरिकेतील जाहिरात व्यावसायिक ॲलेक्स ऑसबर्न यांनी टीका लांबणीवर टाकण्याचा नियम घालून दिला होता; परंतु 1958 मध्ये येल विद्यापीठात झालेल्या प्रयोगात, एकेकट्याने विचार केलेल्या चौघांच्या एकत्रित कल्पना चौघांच्या गटाला सुचलेल्या कल्पनांपेक्षा जास्त भरल्या. एक जण बोलत असताना बाकीचे थांबतात आणि थांबता थांबता सुचलेले विसरतात, हे त्यामागचे एक प्रमुख कारण नंतरच्या संशोधनात पुढे आले. आपल्याकडे त्यात विभागप्रमुखांची भर पडते. साहेबांनी सुरुवातीलाच मत दिले की उरलेला वेळ त्या मताला दुजोरा देण्यात जातो.

यावर उपाय म्हणजे आधी लिहिणे, मग बोलणे. जर्मनीतील बर्न्ड रोरबाख यांनी 1968 मध्ये मांडलेल्या पद्धतीत सहा जण पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहितात आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवतात. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, 108 कल्पना कागदावर येऊ शकतात. त्यांत पुनरुक्ती असणारच, आणि असू द्यावी. मात्र कागदावर नाव नको, मराठी वा हिंदी अशी कोणतीही भाषा चालावी आणि लिहिण्यास संकोचणाऱ्याला चित्र काढण्याची मुभा असावी.

बक्षिसांबाबत थोडक्यात सांगायचे, तर कल्पनांच्या संख्येवर बक्षीस ठेवले की केवळ पाने भरतात.

बैठकीची वेळ ही बाब किरकोळ वाटते, पण ती तशी नाही. जपानमध्ये 1962 पासून काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने क्वालिटी सर्कलची, म्हणजे गुणवत्तेच्या अडचणी सोडवणाऱ्या कामगारांच्या छोट्या गटांची, चळवळ वाढली ती मुख्यतः स्वेच्छेच्या तत्त्वावर. इकडे मात्र पाळी सुटल्यावर सक्तीने थांबवले जाते. दिंडोरी किंवा इगतपुरीकडून येणाऱ्या कामगाराची कंपनीची बस तेवढ्यात निघून जाते; अशा माणसाचे लक्ष घड्याळाकडेच राहणार. बैठक पाळीच्या वेळेतच घ्यावी आणि तो तास कामाचा धरावा.

गटाला खरे मारते ते उत्तर न मिळणे. सूचना आली, ‘बघू’ म्हणून वही मिटली, असे दोनदा झाले की तो माणूस तिसऱ्यांदा तोंड उघडत नाही. पंधरा दिवसांत होकार, कारणासह नकार किंवा चाचणी, यांपैकी एक उत्तर मिळालेच पाहिजे. ड्रिल ठरावीक नगांनंतर बदलण्याची सूचना असेल, तर ती आठवडाभर एकाच मशीनवर राबवावी, रीवर्कचे आधीचे आणि नंतरचे आकडे मांडावेत आणि चाचणी फसली तरी तिची नोंद ठेवावी.

गट आधीच थंडावला असेल, तर नवे नाव देऊन पुन्हा उद्घाटन करू नये. जुनी वही काढावी, अनुत्तरित सूचना वेगळ्या कराव्यात आणि प्रत्येकीचे उत्तर सूचना फलकावर लावावे. पुढची बैठक त्यानंतरच बोलवावी.