डिरेक्टरीचं नाव आणि जागा: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सर्व्हरवर 'ओल्ड डेटा' नावाची डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, केली होती, मध्ये एक स्पेस सोडून. शेजारीच रोजच्या कामाची 'डेटा' होती. पुढे जुनं काढून टाकायला छोटी शेल स्क्रिप्ट (शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, त्यासाठीची कमांडची फाइल) लिहिली: व्हेरिएबलमध्ये डिरेक्टरीचं नाव आणि त्यावर 'आरएम -आरएफ', म्हणजे न विचारता आतल्या सगळ्यासकट पुसणारी कमांड. व्हेरिएबलभोवती डबल कोट्स द्यायचे राहिले. शेलने स्पेसपाशी नाव तोडलं आणि 'ओल्ड' व 'डेटा' अशी दोन नावं धरली. 'ओल्ड' नावाचं काही नव्हतंच, आणि '-एफ' दिल्यामुळे त्याची तक्रारही आली नाही. 'डेटा' मात्र साफ. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून एका दिवसाच्या कामावर निभावलं. जी काढायची होती, ती 'ओल्ड डेटा' जागच्या जागी होती.

तेव्हापासून नावात स्पेस नाही. इंग्रजी स्मॉल लेटर्स, आकडे, हायफन नाहीतर अंडरस्कोअर, बस. स्मॉलच का? लिनक्स कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची नावं वेगळी धरतं, विंडोज आणि मॅक नेहमीच्या सेटिंगमध्ये एकच मानतात. प्रोजेक्ट इकडून तिकडे नेला की घोळ होतो. हायफनने नाव सुरू करू नका, कमांडला तो ऑप्शन वाटतो. विंडोजवर 'कॉन', 'ऑक्स', 'नल' ही नावं डॉसच्या काळापासून राखीव आहेत.

देवनागरी नावं चालतात, मी स्वतःच्या कागदपत्रांना तीच देतो. पण लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टिममध्ये एका नावाला 255 बाइटची मर्यादा असते, आणि यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगळं मोजायचं. म्हणजे जेमतेम 85 चिन्हं.

'नवीन' असं नाव देऊ नका, सहा महिन्यांनी ते खोटं ठरतं. तारीख लिहा, तीही 2024-03-05 अशी, वर्ष आधी. नावाने सॉर्ट केलं की काळाचा क्रम आपोआप लागतो.

जागा ठरवताना मी आधी विचारतो: मशीन रीस्टार्ट झाल्यावर हे हवंय का? हवं असेल तर लिनक्सच्या 'टेम्प'मध्ये, तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीत, ठेवू नका. अनेक लिनक्स सिस्टिमवर ती डिरेक्टरी रॅममध्येच असते. मग विचारतो, हे कोणाचं? पॅकेज मॅनेजरने (सिस्टिमचं सॉफ्टवेअर बसवणारा आणि अपडेट करणारा प्रोग्राम) बसवलेलं 'यूएसआर' डिरेक्टरीमध्ये जातं, तिथे हात लावू नये, पुढच्या अपडेटला आपले बदल पुसले जातात. स्वतः कंपाइल केलेलं, म्हणजे सोर्स कोडपासून बनवलेलं, 'यूएसआर'खालच्या 'लोकल'मध्ये, बाहेरून आलेलं अख्खं सॉफ्टवेअर 'ऑप्ट'मध्ये, सेटिंग्ज 'ईटीसी'मध्ये, वाढत जाणारे लॉग (सिस्टिमच्या नोंदींच्या फाइली) 'व्हार'मध्ये. ही मांडणी फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डमध्ये लिहिलेली आहे. त्याची 3.0 आवृत्ती 2015 मध्ये आली. एकदा शांतपणे वाचाच. 'व्हार' वेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) का ठेवतात, हे लॉगने डिस्क भरली की कळतं: बाकीची सिस्टिम तरी तग धरते.

विंडोजवर अडचण वेगळी. तिथे पूर्ण पाथला, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलपर्यंतच्या पत्त्याला, सहसा 260 कॅरेक्टर्सची मर्यादा असते. डेस्कटॉपवरच्या फोल्डरात फोल्डर करत गेलात की ती लवकर संपते. मी 'सी' ड्राइव्हवर थेट 'वर्क' केलंय आणि सगळे प्रोजेक्ट त्यात ठेवतो.

आणि पाथ स्क्रिप्टमध्ये दहा ठिकाणी लिहू नका. वर एका व्हेरिएबलमध्ये लिहा, आणि वापराल तिथे तिथे डबल कोट्स द्या.